सातपुड्याच्या वाटांवर जिम्नी: एका नागपूरकराचा अभिप्राय

चारही चाकांना ओढ देणारी गाडी घ्यावी का, या प्रश्नाचे उत्तर नागपूर शहरात मिळत नाही, कारण वर्धा रोडवर किंवा अमरावती रोडवर अशा गाडीला तिचे खरे काम करण्याची वेळच येत नाही. म्हणून पाच दारांच्या मारुती सुझुकी जिम्नीविषयी लिहिण्यापूर्वी, पावसाळा सरल्यावर, सावनेर, सौंसर आणि सिल्लेवानी घाट या मार्गाने आम्ही ती छिंदवाड्यापलीकडे तामियाच्या परिसरात नेली आणि वनखात्याची हद्द टाळून, गावकऱ्यांना विचारून, डोंगरउतारावरच्या बैलगाडीच्या वाटांवर दिवसभर चालवली. दिवस कठीण गेला. पण या गाडीचे मोठे बळ तिच्या हलकेपणात आहे, हे त्या दिवशी स्पष्टपणे कळले.

कागदावर तिचे इंजिन साधेच दिसते: १४६२ सीसीचे पेट्रोल इंजिन, सुमारे १०५ पीएस शक्ती आणि १३४ एनएम टॉर्क. चौपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना गिअर खाली आणावा लागतो आणि जोरदार वेगाची अपेक्षा ठेवणाऱ्याला ही गाडी आवडणार नाही. मात्र तिचे वजन जेमतेम १२०० किलो आणि रुंदी १६४५ मिलिमीटर आहे. दोन्ही बाजूंना बांध असलेल्या अरुंद पांदणीत, जिथे रुंद गाडीला आरसे मिटूनही अंग चोरावे लागते, तिथे ही सहज निघते. आणि ओल्या काळ्या मातीत जड गाडी जशी रुतत जाते तशी ही रुतत नाही.

खरी परीक्षा एका नाल्याच्या पलीकडच्या चढावर झाली. पाण्याने मुरूम वाहून गेला होता, उरले होते मोठे गोटे आणि त्यांच्यामधले खड्डे. गाडी थांबवून आम्ही आधी तो चढ पायी पाहिला, एका वयस्क गुराख्याने डाव्या अंगाचा दगड पक्का असल्याचे सांगितले, टायरची हवा कमी केली आणि लिव्हर फोर-एलमध्ये, म्हणजे चारही चाकांना ओढ देणाऱ्या संथ, लो रेंजमध्ये टाकला. या लो रेंजमध्ये त्याच गिअरला गाडीचा वेग साधारण निम्मा होतो आणि चाकांवरची ओढ दुप्पट होते, त्यामुळे क्लच न जाळता माणसाच्या चालीपेक्षाही हळू वर सरकता येते. अर्ध्या चढावर मागचे एक चाक हवेत उचलले गेले आणि गरगरा फिरू लागले. या गाडीत डिफरेन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची रचना, यांत्रिक पद्धतीने लॉक होत नाही. सुटलेल्या चाकाला यंत्रणा आपोआप ब्रेक लावते आणि ओढ जमिनीवर टेकलेल्या चाकाकडे जाते. तिला त्यासाठी क्षणभर अवधी लागतो. घाबरून पाय उचलला तर काम अर्धवट राहते. अॅक्सिलरेटर एकसारखा, हलका दाबून ठेवला की ब्रेकची करकर ऐकू येते आणि गाडी इंचाइंचाने पुढे सरकते. नवख्या चालकाने हे एखाद्या मोकळ्या, सुरक्षित जागी आधी करून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण कड्याच्या बाजूला ते शिकणे धोक्याचे आहे.

दोन्ही अॅक्सल सलग असल्याने एक चाक दगडावर चढले की दुसरे खाली दाबले जाते आणि पकड टिकते. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, २१० मिलिमीटर आहे. समोरून चढण्याचा कोन ३६ अंश आहे, पण मधला, म्हणजे उंचवटा पोटाखालून पार करण्याचा कोन २४ अंशच आहे, कारण पाच दारांसाठी चाकांमधले अंतर २५९० मिलिमीटरपर्यंत वाढवले आहे. म्हणून टोकदार वरंब्यावर ती सरळ न घालता तिरकी घ्यावी. उतारावर आपोआप ब्रेक लावून वेग आवरणाऱ्या हिल डिसेंट कंट्रोलने चांगली साथ दिली, तरी निसरड्या मातीत लो रेंजचा पहिला गिअर मला अधिक विश्वासाचा वाटला.

प्रवासाच्या सोयी मोजक्याच आहेत. मागची सीट उभी असताना डिकीत २०८ लिटर एवढीच जागा उरते. चार माणसे, पाण्याचे कॅन, गाडी ओढायचा दोर, फावडे आणि हवा भरायचा पंप एवढे सामान नीट बसत नाही. म्हणून अशा वाटांवर दोघांनी किंवा तिघांनीच जावे, आणि शक्यतो दुसरी गाडी सोबत असावी. टाकी ४० लिटरची आहे आणि लो रेंजमध्ये पेट्रोल झपाट्याने संपते, तेव्हा छिंदवाड्यालाच ती पूर्ण भरून घ्यावी. कंपनीकडून येणारे टायर प्रामुख्याने डांबरी रस्त्यासाठी आहेत. वारंवार डोंगरात जाणाऱ्याने डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणाऱ्या ऑल-टेरेन टायरचा खर्च आधीच धरावा.

परत निघताना डांबरी रस्ता लागला की लिव्हर लगेच टू-एचवर, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ओढ देणाऱ्या स्थितीत आणावा, कारण या प्रणालीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या गतीतला फरक सामावून घेणारे मध्यभागी डिफरेन्शियल नसल्याने कोरड्या डांबरावर फोर व्हील ड्राइव्ह चालू ठेवली तर वळणांवर गिअर आणि अॅक्सलवर ताण येतो. टायरची हवाही तिथेच पुन्हा भरावी. रिंगच्या आतल्या बाजूला वाळलेली काळी माती काठीने खरवडून काढावी. ती तशीच राहिली तर चाकाचा तोल बिघडतो आणि सौंसरनंतरच्या सरळ रस्त्यावर वेग वाढताच स्टिअरिंग थरथरू लागते.