वुदांगची सहल: माहिती भरभरून, वेळ मात्र कमी

चीनमधल्या हुबेई प्रांतातला वुदांग हा ताओ पंथीयांचा पवित्र डोंगर. तिथे जायचं असेल तर नौपाड्यातल्या आमच्या टूर कंपनीचं नाव मी नक्की सुचवीन. कारण त्यांनी निघण्याआधी ठेवलेलं व्याख्यान! बोलणाऱ्या ताईंनी सुरुवातच चीनच्या मिंग घराण्यातल्या योंगल बादशहापासून केली. 1402 मध्ये त्याने सख्ख्या पुतण्याची गादी बळकावली. मग हे राज्य झेनवू या ताओ पंथाच्या देवाच्या कृपेनेच मिळालं, असं प्रजेला पटवण्यासाठी 1412 पासून त्याने झेनवूचा हा डोंगर देवळांनी भरून टाकला. एवढं डोक्यात घेऊन गेलं की तिथली प्रत्येक पायरी बोलायला लागते.

शिखरावरचं सुवर्ण मंदिर 1416 चं, शिखराची उंची 1612 मीटर. मी शाळेत इतिहास शिकवायचे, मुलांना अंबरनाथचं शके 982 चं शिवमंदिर दाखवायचे. तिथे दगडाची कमाल, इथे ब्राँझची. खांब, तुळया, कौलं सगळं लाकूडकामासारखं घडवलेलं आणि वर सोन्याचा मुलामा. सुटे भाग बीजिंगला ओतून इथवर आणले आणि शिखरावर जोडले. आत झेनवू बसलाय, अनवाणी, केस मोकळे. समोर कासव आणि त्याला विळखा घातलेला साप. माझे हात आपोआप जोडले गेले.

बहुतेक लोक इथूनच परततात. आमच्या गाइडदादांनी मात्र खालच्या छोट्या शिखरावरचं 1307 चं ब्राँझचं मंदिर आवर्जून दाखवलं. आधी तेच वर होतं. नवं बांधताना योंगलने ते खाली हलवलं. त्याच्याभोवतीच्या अंधाऱ्या, अरुंद फटीतून अंग चोरून प्रदक्षिणा घातली की नशीब पालटतं, अशी तिथली श्रद्धा. कंपनीला यासाठी पूर्ण गुण.

तक्रार आहे ती वेळापत्रकाची. त्सशियाओ महाल हा डोंगरावरच्या सर्वांत चांगल्या राहिलेल्या देवळांपैकी एक, तिथे जेमतेम फोटो काढण्यापुरतं थांबवलं. नानयान या कड्यावरच्या देवळात कड्याबाहेर झेपावलेला ड्रॅगनच्या तोंडाचा दगड आहे. त्याच्या टोकाशी उदबत्ती लावताना माणसं दरीत पडायची, म्हणून 1673 मध्ये बंदी घातली गेली. तोही धावतपळत पाहिला. आणि खरेदीच्या दुकानात मात्र निवांत वेळ! जागतिक वारसा असलेल्या ठिकाणी हे मला पटलं नाही, ऑफिसात तसं सांगितलंय.

जेवण शाकाहारी आणि गरम मिळालं. रोपवे आहे, पण त्यानंतरही पायऱ्या बऱ्याच आणि उभ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर काठी घ्या. बुकिंग करतानाच डोंगरावर एक मुक्काम वाढवून मागा.