ड्रायव्हरसीटीएल: ड्रायव्हर आयडीवर नाही, पत्त्यावर बदलणारं अवजार

माझ्या लिनक्सवरच्या टेस्ट मशीनमध्ये इंटेलचं दोन पोर्टांचं आय350 नेटवर्क कार्ड आहे. एक पोर्ट मशीनलाच हवा, दुसरा व्हर्च्युअल मशीनला द्यायचा. म्हणजे दुसऱ्यावरचा आयजीबी, म्हणजे कार्डाचा नेहमीचा ड्रायव्हर, काढून तिथे व्हीएफआयओ-पीसीआय, म्हणजे उपकरण व्हर्च्युअल मशीनच्या हवाली करणारा ड्रायव्हर, बसवायचा. पंचाईत अशी, की दोन्ही पोर्टांचा आयडी, म्हणजे कंपनी आणि मॉडेल सांगणारा क्रमांक, एकच: 8086:1521. ड्रायव्हर लोड करणाऱ्या मॉडप्रोबच्या कॉन्फिगमध्ये हा आयडी लिहिला आणि बूट होताना व्हीएफआयओ आधी लोड झाला, की दोन्ही पोर्ट त्याच्याच घशात.

यावरचा उपाय लिनक्सच्या कर्नलमध्ये जुनाच आहे. 2014 च्या 3.16 आवृत्तीपासून प्रत्येक पीसीआय उपकरणाला (म्हणजे मदरबोर्डाच्या पीसीआय बसवर जोडलेल्या कार्डाला) सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या /sys फोल्डरमध्ये, ड्रायव्हर_ओव्हरराइड नावाची फाइल मिळते. तिच्यात ड्रायव्हरचं नाव लिहायचं, जुन्या ड्रायव्हरच्या अनबाइंड फाइलमध्ये उपकरणाचा पत्ता, म्हणजे ते बसवर कुठल्या जागी आहे तो क्रमांक, टाकायचा, मग तोच पत्ता ड्रायव्हर्स_प्रोब फाइलमध्ये. झालं. फक्त रीबूट केलं की सगळं पुसलं जातं, आणि तो लांबलचक पत्ता पुन्हा पुन्हा टाइप करताना एखादा आकडा हमखास चुकतो.

ड्रायव्हरसीटीएल हेच काम एका ओळीत करतं. सेट-ओव्हरराइड, पुढे पत्ता, पुढे ड्रायव्हरचं नाव. ड्रायव्हरचं मॉड्यूल लोड नसेल तर तेही हेच अवजार लोड करतं. फेडोरा आणि डेबियन दोन्हींच्या भांडारात पॅकेज आहे, इन्स्टॉल करण्यात सांगण्यासारखं काही नाही. आत उघडून बघाल तर साधी बॅश स्क्रिप्ट, आणि मला तेच आवडतं: शंका आली की वाचता येते. आपली निवड /etc मधल्या ड्रायव्हरसीटीएल.डी फोल्डरमध्ये राहते. फाइलचं नाव म्हणजे बसचा प्रकार (इथे पीसीआय) आणि पत्ता, आत फक्त ड्रायव्हरचं नाव. बूट होताना यूडेव्हच्या, म्हणजे उपकरण दिसलं की काय करायचं ते ठरवणाऱ्या सेवेच्या, नियमामुळे ती पुन्हा लागू होते. परत जायचं तर अनसेट-ओव्हरराइड, आयजीबी हजर. लिस्ट-डिव्हायसेस दिलं की सगळी यादी समोर येते, आणि बदललेल्या ओळीपुढे चौकटी कंसात चांदणी असते. एवढंच, पण रात्री उशिरा डोळे तारवटलेले असताना ती चांदणी फार कामाची.

आता खटकणारं. पत्ता म्हणजे कार्डाची ओळख नव्हे, जागेची. नवीन एनव्हीएमई ड्राइव्ह बसवला की बस क्रमांक सरकू शकतात, कालचं 03 आज 04 होतं, आणि जपून ठेवलेली निवड भलत्याच उपकरणाच्या मानगुटीवर बसते. ते उपकरण डिस्क कंट्रोलर असेल, आणि सिस्टिमचं मुख्य (रूट) विभाजन त्याच्यावर असेल, तर बूटच्या वेळी काय होईल हे सांगायला नको. फाइलमध्ये आयडीही लिहून ताडून बघितला असता तर हा धोका टळला असता. स्लॉटमध्ये काही घालण्या-काढण्याआधी मी लिस्ट-ओव्हरराइड्स बघतो आणि सगळं अनसेट करतो. नवा प्रयोग असेल तर आधी नोसेव्ह हा पर्याय लावून, म्हणजे निवड जपली जात नाही. बिघडलं तर रीबूटने सुटका.

दुसरं, आयओएमएमयू ग्रुप, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला एकत्रच द्यावी लागणारी उपकरणं, या अवजाराला कळतच नाहीत. ग्राफिक्स कार्ड द्यायचं असेल तर सहसा त्याच ग्रुपमधला ऑडिओचा भाग, पत्त्याच्या शेवटी .1 असलेला, वेगळा द्यावा लागतो. अवजार आठवण करत नाही. आणि स्क्रीन ज्या कार्डावर चालू आहे त्याचा ड्रायव्हर चालत्या मशीनवर काढायला जाऊ नका, कमांड लटकून बसेल.

यूएसबीसाठी मी हे वापरत नाही. तिथे बाइंड-अनबाइंड हातानेच करतो, कारण तिथे ड्रायव्हर अख्ख्या उपकरणाला नाही, त्याच्या एकेका इंटरफेसला (भागाला) चिकटतो आणि पत्ता 1-2:1.0 अशा थाटाचा असतो. पीसीआयसाठी मात्र माझ्या प्रत्येक नव्या मशीनवर एसएसएचनंतर हेच पॅकेज चढतं.