थिंकपॅड एक्स२३० वर लिनक्स मिंट: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं. लेनोवोचा थिंकपॅड एक्स२३० हा २०१२ चा, तिसऱ्या पिढीच्या आय५-३३२०एम प्रोसेसरचा, टीपीएम १.२ वाला. म्हणजे सरळ मार्गाने तो तिथे पोचतच नाही. जुगाड करून विंडोज ११ चढवता येतं, पण अशा मशिनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही, म्हणून तो नाद सोडलेला बरा. या मॉडेलवर लिनक्स मिंट २२ या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती कशी चालते, कुठे अडते आणि का, ते खाली लिहिलं आहे. टी४३०, एल४३० किंवा त्याच काळातले डेल लॅटिट्यूड असतील तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. 'लिनक्स टाकलं आणि लॅपटॉप उडायला लागला' असं जे सांगतात, त्यातला निम्म्याहून जास्त वाटा एसएसडीचा (फिरते भाग नसलेल्या वेगवान ड्राइव्हचा) असतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मिंटही रांगतंच. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा.

एक्स२३० मध्ये २.५ इंची साटा ड्राइव्ह बसतो, पण जाडी ७ मिमीच हवी. ९.५ मिमीचा जुना ड्राइव्ह आत जातच नाही. बाजूच्या झाकणाचा एक स्क्रू काढला की ड्राइव्ह ओढून बाहेर येतो. जुन्या ड्राइव्हच्या कडांना लावलेल्या रबरी पट्ट्या नव्या एसएसडीला लावायला विसरू नका, नाहीतर तो आत हलतो आणि कनेक्टरवर ताण येतो. २४० जीबी पुरते.

रॅमची भानगड जास्त आहे. दोन खाचा आहेत, दोन्ही तळाच्या छोट्या झाकणाखाली, आणि कमाल १६ जीबी चालते. लॅपटॉपची डीडीआर३एल, १६०० मेगाहर्ट्झ मागायची. फसगत होते ती ८ जीबीच्या पट्टीत. या पिढीचा प्रोसेसर ४ गिगाबिटच्या चिपच ओळखतो, म्हणजे ८ जीबीच्या पट्टीवर दोन्ही बाजू मिळून १६ काळ्या चिप हव्यात. बाजारात आठच चिप असलेल्या ८ जीबीच्या पट्ट्याही मिळतात. त्या नंतरच्या मशिनसाठी आहेत. अशी पट्टी लावली की स्क्रीन काळी राहते किंवा नुसता बीप येतो, आणि माणूस समजतो मदरबोर्ड गेला. लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत घेत असाल तर पैसे देण्याआधी पट्टी उलटून चिप मोजा. ४ जीबीवर मिंट चालतं, पण ब्राउझरच्या टॅब मोजून उघडाव्या लागतात. ८ जीबी हा खरा तळ धरा.

उघडलंच आहे तर पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदला. दहा-बारा वर्षांत पेस्टची खडूसारखी पूड होते. लक्षण सोपं आहे: व्हिडिओ लावताच पंखा किंचाळतो, तापमान नव्वदीच्या पुढे जातं आणि मग प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. इथवर पोचायला कीबोर्ड आणि तळहाताची पट्टी काढावी लागते. टचपॅडची चपटी केबल ओढायची नाही, आधी तिची चिमटी उचलायची. घरी जमत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, पण करा.

विंडोज पुसण्याआधी बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ठेवा. लिनक्समधूनही करता येतं, पण त्यासाठी वेगळी बूट सीडीची इमेज पेन ड्राइव्हवर उतरवण्याची खटपट आहे, आणि विंडोजमध्ये ते चार क्लिकचं काम आहे. बॅटरीत चार्ज हवा आणि चार्जरही लावलेला हवा. सेकंडहँड घेत असाल तर दुकानातच एफ१ दाबून बायॉस उघडून पाहा. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर मशीन परत ठेवा. तो पासवर्ड आतला घड्याळाचा सेल काढून जात नाही.

इन्स्टॉलेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुमारे ३ जीबीची आयएसओ फाइल उतरवायची, चेकसम (फाइल पूर्ण आणि अस्सल आहे का ते सांगणारा आकडा) जुळतो का पाहायचं, रुफस या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवायची, एफ१२ दाबून पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं. लगेच इन्स्टॉल करू नका. आधी लाइव्ह, म्हणजे पेन ड्राइव्हवरूनच, चालवून वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं आणि झाकण मिटल्यावरची झोप तपासा. मल्टिमीडिया कोडेक्सच्या चौकटीत टिक करा. डिस्क एन्क्रिप्शनचा पर्याय येतो, तोही घ्यायला हरकत नाही. आय५-३३२०एम मध्ये एईएस-एनआय (एन्क्रिप्शन वेगात करणारी सोय) आहे, त्यामुळे वेगात फरक जाणवत नाही. त्याच काळातल्या आय३ मध्ये ती सोय नाही, तिथे विचार करून घ्या.

विंडोजही शेजारी ठेवणार असाल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नका. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आणि मिंटमधून त्या पार्टिशनवर काही लिहिता येत नाही. घड्याळही साडेपाच तासांनी पुढे-मागे होतं. दोन्ही सिस्टिम मशिनच्या घड्याळातली वेळ वेगळ्या पद्धतीने वाचतात, एक स्थानिक म्हणून आणि दुसरी जागतिक म्हणून. मिंटला स्थानिक वेळ धरायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

आता रोजचा वापर. नुसतं सुरू असताना एक्सएफसीई साधारण पाऊण ते एक जीबी रॅम घेतं. मिंटचं दुसरं डेस्कटॉप सिनॅमन दिसायला देखणं आहे, पण अधिक रॅम खातं. ८ जीबीवर तेही चालेल, ४ वर नको. ४ जीबीच असेल तर झेडरॅम चालू करा: रॅमचाच काही भाग दाबून स्वॅप (रॅम भरल्यावरची जादा जागा) म्हणून वापरला जातो. झेडरॅम-टूल्स पॅकेज टाकून सेटिंगमध्ये झेडएसटीडी आणि ५० टक्के एवढं लिहिलं की पुरे. १३६६ × ७६८ च्या स्क्रीनवर उंची कमी पडते, म्हणून खालची पट्टी डावीकडे उभी करा. लेख वाचताना दोन-तीन ओळी जास्त दिसतात. खिडकी सरकवताना किंवा पान स्क्रोल करताना चित्र आडवं फाटल्यासारखं दिसलं तर विंडो मॅनेजरचं व्हीब्लँक हे सेटिंग 'जीएलएक्स' वर ठेवा. हे न करताच 'लिनक्समध्ये ग्राफिक्स खराब' म्हणणारे बरेच आहेत.

यूट्यूब ही या मशिनची खरी दुखरी नस. प्रोसेसरमधलं एचडी ४००० ग्राफिक्स एच.२६४ या जुन्या पद्धतीचा व्हिडिओ स्वतः उलगडू शकतं, पण यूट्यूब पाठवतं व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींचा. ते या चिपला कळत नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर. १०८० ला पंखा सुटतो आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. उपाय दोन भागांत आहे. फायरफॉक्समध्ये एच२६४-इफाय नावाचं एक्स्टेन्शन टाकायचं, म्हणजे यूट्यूब जुन्या पद्धतीचा व्हिडिओ देतं. आणि व्हीए-एपीआयचा (व्हिडिओचं काम ग्राफिक्सकडे देणाऱ्या सोयीचा) आय९६५ ड्रायव्हर बसला आहे ना ते बघायचं. नव्या इंटेलसाठीचा आयएचडी ड्रायव्हर या पिढीला चालत नाही. एवढं केल्यावर ७२० आरामात चालतं, १०८० ही चालतं. ४के चा विषय नाही, आणि या स्क्रीनवर त्याची गरजही नाही.

वायफायला एक्स२३० मध्ये वेगवेगळी कार्डं आलेली आहेत. इंटेल ६२०५ असेल तर ५ गिगाहर्ट्झ मिळतं. २२०० असेल तर फक्त २.४, म्हणजे सोसायटीत शेजाऱ्यांच्या दहा राउटरच्या गर्दीत अडकलात. कार्ड बदलू म्हटलं तर बायॉसमध्ये मान्य कार्डांची यादी आहे. यादीबाहेरचं लावलं की १८०२ क्रमांकाची त्रुटी दाखवून मशीन पुढे जातच नाही. बायॉस बदलून हे टाळता येतं, पण त्यात बोर्ड निकामी होण्याचा धोका आहे. त्यापेक्षा मीडियाटेक चिपचा, कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) ड्रायव्हर असलेला यूएसबी डोंगल घ्या. आहे तेच कार्ड वापरताना जोडणी मधूनमधून मंदावत असेल तर नेटवर्क मॅनेजरच्या फाइलमध्ये वायफाय पॉवरसेव्हचा आकडा ३ चा २ करा. तेवढ्याने बहुतेकदा भागतं.

बॅटरीसाठी टीएलपी हे वीज वाचवणारं सॉफ्टवेअर हवंच. थिंकपॅडवर त्याचा मोठा फायदा म्हणजे चार्जिंगची मर्यादा ठरवता येते: ४० च्या खाली गेल्यावर सुरू, ८० वर बंद. मशीन दिवसभर चार्जरला लावून ठेवत असाल तर हे पहिल्याच दिवशी करा. पॉवर प्रोफाइल्स डेमन (तेच काम करणारा दुसरा प्रोग्रॅम) आणि टीएलपी एकत्र ठेवू नका, दोघं एकमेकांचे निर्णय फिरवतात. बॅटरी किती झिजली ते टीएलपीच्या अहवालात दिसतं: मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता शेजारी शेजारी. सहा सेलची ४४+ बॅटरी मूळची ६३ वॉट-तासांची आहे, हलक्या कामाला मशीन ८-९ वॉट खातं, तेव्हा भागाकार तुम्हीच करा. नवी बॅटरी घेताना मात्र जपून. या मालिकेचं बायॉस बॅटरी अस्सल आहे का हे तपासतं. स्वस्तातली घेतली तर 'ही बॅटरी चार्ज होणार नाही' असा संदेश येऊ शकतो, म्हणून परत घेण्याची अट लिहून घ्या. झाकण मिटल्यावरची झोप मात्र उत्तम. जुन्या पद्धतीची एस३ झोप असल्याने रात्रभरात बॅटरी थोडीशीच उतरते. आजचे कितीतरी नवे लॅपटॉप इथे मार खातात.

मराठीसाठी दोन रस्ते आहेत. इन्स्क्रिप्ट (देवनागरीची सरकारी कीबोर्ड मांडणी) येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारत या गटातून मराठीची एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट मांडणी घ्या आणि बदलायला ऑल्ट-शिफ्ट ठेवा. वेगळं काही टाकावं लागत नाही. ळ शिफ्ट-एन वर आहे. 'सुऱ्या'तला ऱ्य हवा असेल तर शिफ्ट-जे, मग डी, मग तिरक्या रेघेचं बटण. नुसत्या जे ने सुरुवात केली की 'सुर्या' उमटतं. रोमन अक्षरांतून लिहायची सवय असेल तर आयबस (टायपिंगची पद्धत बदलणारा प्रोग्रॅम) आणि आयबस-एम१७एन ही पॅकेजं टाका. त्यात फोनेटिक, रेमिंग्टन आणि गमभन अशा मांडण्या मिळतात. आयबस निवडल्यावर एकदा लॉग आउट करून परत या, नाहीतर काही प्रोग्रॅममध्ये ते चालतं आणि काहींत नाही.

लिब्रेऑफिसमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टसाठी मराठी निवडा. हे राहिलं तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. नोटो सान्स देवनागरी या फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं आहेत, पण मजकूर मराठी आहे हे त्याला सांगावं लागतं. ज्यांच्याकडे श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइल आहेत त्यांना सुरुवातीला अगम्य चिन्हं दिसतील. मूळ फॉन्टच्या फाइल फॉन्ट फोल्डरमध्ये टाकल्या की वाचता येतं. संपादन करायचं असेल तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणंच शहाणपणाचं. मंगल फॉन्ट विंडोजचा आहे, तो इथे नसतो. त्याच्या जागी दुसरा बसला की ओळी सरकतात आणि दोन पानांचा अर्ज तीन पानांवर जातो. तेव्हा दुसरीकडे पाठवायची फाइल पीडीएफमध्येच द्या.

प्रिंटर आधी तपासा, लॅपटॉप नंतर. नेटवर्कवरचे, एअरप्रिंट चालणारे नवे प्रिंटर आपोआप सापडतात. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत आणि घरोघरी असलेले जुने लेझर प्रिंटर मात्र हट्टी आहेत. एचपीचा लेझरजेट १०२० चालतो, पण त्याला दर वेळी सुरू झाल्यावर फर्मवेअर पाठवावं लागतं, म्हणून एचपीलिपचं (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं) प्लगइन टाकावंच लागतं. कॅननच्या एलबीपी२९०० ला जुना कॅप्ट ड्रायव्हर आणि त्याच्या ३२ बिटच्या लायब्ररी लागतात. तो बसतो, पण सीयूपीएसचं (लिनक्समधल्या छपाईच्या यंत्रणेचं) मोठं अपडेट आलं की पुन्हा पाहावं लागतं. रोज छपाई असेल तर हे दुखणं घेऊ नका.

टॅली विंडोजवरच चालतं. डिजिटल सहीच्या टोकनचंही सांगता येत नाही: काहींचे लिनक्स ड्रायव्हर आहेत, पण पोर्टलचं सही करणारं सॉफ्टवेअर विंडोज गृहीत धरून केलेलं असतं. टेंडर, जीएसटी, कंपनीचे फॉर्म हेच रोजचं काम असेल तर एक विंडोज मशीन ठेवावंच लागेल. नेट बँकिंग, व्हॉट्सॲप वेब, ऑनलाइन मीटिंग, मुलांचा अभ्यास, पायथॉन शिकणं यात अडचण येत नाही.

देखभाल कमी आहे, शून्य नाही. टाइमशिफ्ट या सिस्टिमच्या प्रती घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रती मर्यादेत ठेवा, दोन साप्ताहिक पुरेत, नाहीतर २४० जीबी कधी भरते कळत नाही. आणि टाइमशिफ्ट मूळ सेटिंगमध्ये तुमच्या घरच्या फोल्डरची प्रत घेत नाही. फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. अपडेट मॅनेजरमध्ये जुनी कर्नल आपोआप काढण्याचा पर्याय चालू करा. मशीन सुरू होताना ०२७१ ही तारीख-वेळेची त्रुटी आली आणि ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणू लागला तर त्यात मिंटचा दोष नाही. आतला वायर लावलेला सीआर२०३२ सेल संपलेला असतो. नुसता नाण्यासारखा सेल घेऊन चालत नाही, कनेक्टर असलेला मागा. मिंट २२ च्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तोवर हा सेल एकदा तरी बदलावा लागेल.