ब्रेनस्टेमचं मोठं मॉडेल: नर्व्हसाठी झकास, रेटिक्युलर फॉर्मेशन मात्र नावापुरतं

ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा दांडा. त्याचे वरून खाली मिडब्रेन, पॉन्स, मेडुला असे तीन तुकडे वेगळे होतात, मॅग्नेटने पुन्हा चिकटतात. क्रेनियल नर्व्ह (थेट मेंदूतून निघणाऱ्या नसा) पाठ करायच्या असतील तर डोळे झाकून घ्या, चौथी एकटीच मागून निघते हेसुद्धा बरोबर दाखवलंय. पण मी घेतलं रेटिक्युलर फॉर्मेशनसाठी, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये वरपासून खालपर्यंत पसरलेल्या पेशींच्या जाळ्यासाठी, आणि नेमका तिथेच बनवणाऱ्यांनी हात आखडता घेतलाय.

तुकडे सुटे केले की आत वरपासून खालपर्यंत गुलाबी रंगाचा एकच पट्टा दिसतो, कडा अगदी सुरीने कापल्यासारख्या. आता खऱ्या ब्रेनस्टेममध्ये अशी कड असते कुठे, पेशी आणि फायबर एकमेकांत इतके गुंतलेले असतात की इथे हा भाग संपला असं बोट ठेवून सांगताच येत नाही. बरं ते सोडा, निदान ह्या जाळ्याचे तीन उभे कॉलम तरी वेगळ्या रंगात द्यायचे ना! मधोमध रॅफे, तिथून सेरोटोनिन जातं, त्याच्या बाजूला मोठ्या पेशी, ज्यांच्यातून रेटिक्युलोस्पायनल ट्रॅक्ट (मज्जारज्जूत जाणारे तंतू) खाली उतरतात आणि उभं राहताना स्नायूंचा ताण सांभाळतात, आणि बाहेरच्या अंगाला लहान पेशी. पॉन्सवर चौथ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीच्या) तळाला लोकस सेरुलियसचा साधा ठिपकाही नाही, अख्ख्या कॉर्टेक्सला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराला, नॉरअॅड्रेनालिन पुरवणारी जागा आहे ती!

सोबतच्या बुकलेटात तर 'जागेपणाचा स्विच' म्हणून एका ओळीत विषय गुंडाळलाय. मोरुझी आणि मॅगून ह्या शास्त्रज्ञांनी 1949 मध्ये मांजरांच्या ह्या भागाला करंट दिला आणि ईईजीतल्या (मेंदूच्या विजेच्या आलेखातल्या) मोठ्या संथ लाटा जाऊन बारीक वेगवान लाटा आल्या, तिथून ही कल्पना रुजली हे खरंय, पण श्वासाची लय ठरवणारं प्री-बॉट्झिंगर मेडुलात आणि नजर आडवी फिरवणारं पीपीआरएफ पॉन्समध्ये, हेही ह्याच जाळ्यातले, त्यांचं नावसुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली, पॉन्सचा पुढचा भाग आणि मागचं टेगमेंटम (हे जाळं असतं तो भाग) वेगळं काढता येतं. पुढचा तुकडा हातात घेतला की लॉक्ड-इन सिंड्रोम लगेच डोक्यात बसतो, इथे मार लागला तर हातपाय, बोलणं बंद, पण टेगमेंटम शाबूत म्हणून माणूस पूर्ण जागा आणि डोळे वर-खाली हलवून उत्तर देतो. टेगमेंटमचाच वरचा भाग दोन्ही बाजूंनी गेला तर कोमा.

पाचपैकी तीन स्टार. न्यूरोवाल्यांनी घेतलंच तर तीन कॉलम मार्करने स्वतःच रंगवा, प्लास्टिकवर शाई टिकते.