लेव्हल केलेल्या एफ-१५० ची चाकं : एक हिवाळा वापरल्यानंतर

फोर्डचा एफ-१५० हा पिकअप ट्रक लेव्हल केलेला, म्हणजे पुढून उचलून मागच्या बरोबरीला आणलेला, हातात आला की जो तो विचारतो, टायर किती मोठा बसेल? माझ्या मते हा नंतरचा प्रश्न. आधी ऑफसेट बघा, म्हणजे रिमची मध्यरेषा आणि रिम गाडीला जिथे टेकते ती जागा यांतलं मिलिमीटरमधलं अंतर. ते जितकं उणेकडे, तितकं चाक बाहेर. डेन्वरमध्ये अख्खा हिवाळा काढल्यावर या मुद्द्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

ट्रक २०१८ चा, एक्सएलटी मॉडेल, फोर बाय फोर, सेकंडहँड. कारखान्यातून येताना याचं नाक खाली आणि मागची बाजू वर असते. मागे माल भरला की तो सरळ दिसावा म्हणून. आधीच्या मालकाने पुढे दोन इंचाचं किट टाकून ते नाक वर घेतलं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याने बसवलेल्या रिम्सची: २० इंची, १० इंच रुंद, ऑफसेट उणे १८. त्यावर ३३ इंच उंच, साडेबारा इंच रुंद टायर. मूळ रिम साडेसात इंच रुंद आणि ऑफसेट अधिक ४४. कागदावर मांडून बघा, नव्या रिमची बाहेरची कड मूळ जागेपेक्षा ९४ मिलिमीटर बाहेर येते. जवळजवळ पावणेचार इंच! टायर फेंडरच्या बाहेर उघडा पडतो आणि रस्त्यावरचं जे काही उचलतो ते थेट दारावर मारतो.

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण मारतात. ते हवेतलं पाणी धरून ठेवतं, त्यामुळे तो राडा नीट वाळतच नाही. दारावर, हँडलवर, आरशावर आणि सगळ्यात वाईट म्हणजे पायदानावर तेलकट करडा थर बसतो. उतरताना पोटरी त्या कडेला घासलीच पाहिजे, इतकी त्याची उंची नेमकी. साताऱ्याहून आई आली होती. तिच्या इरकलीचा काठ पहिल्याच दिवशी त्या पायदानाला पुसला गेला आणि ड्रायक्लीनवाल्याकडून परत आला तरी डाग गेला नाही. नंतर ती ट्रकमध्ये बसताना निऱ्या एका हाताने वर धरायची आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा. तिला तसं चढताना बघितलं आणि ठरवलं, ही चाकं जाणार.

शिवाय पार्किंगमधून रिव्हर्स घेताना पूर्ण स्टेअरिंग वळवलं की टायर आतल्या प्लॅस्टिकला घासायचा. लोक म्हणतात, ३३ चा टायर आहे, घासणारच. हे खरं नाही. चाक जितकं बाहेर, तितकं ते वळताना मोठ्या वर्तुळात फिरतं आणि पुढेमागे जास्त जागा मागतं. त्याच उंचीचा टायर योग्य ऑफसेटच्या रिमवर मी आता वापरतोय, एकदाही घासलेला नाही.

नवीन निवड अशी: रिम १८ इंची, साडेआठ रुंद, ऑफसेट अधिक ३४. मूळ जागेपेक्षा फक्त २३ मिलिमीटर बाहेर. टायर एलटी (लाइट ट्रकचा, जास्त दणकट) २७५/७०आर१८, ऑल-टेरेन, डोंगर आणि हिमकणाचा, म्हणजे कडक बर्फात चालणारा असा शिक्का असलेला. मूळ २७५/६५ साधारण ३२ इंचाचा, हा ३३ च्या किंचित वर. १८ इंचीच का? रबराची भिंत उंच मिळते, खड्डा आधी टायर खातो, रिम नाही. आणि २० पेक्षा १८ चे टायर स्वस्त पडतात. दर काही वर्षांनी चार टायर घ्यायचे असतात, हा खर्च लोक धरतच नाहीत. जुना सेट एका कॉलेजच्या पोराने हौसेने नेला, त्यात नव्या रिम्सचे निम्मे पैसे निघाले.

रिम घेताना एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघा. एफ-१५० ला सहा बोल्ट, १३५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. शेवरलेचे पण सहाच, पण १३९.७ वर. मधलं भोक फोर्डला ८७.१ लागतं. बाजारातल्या बऱ्याच रिम्सना १०६.१ असतं आणि मधली फट भरायला कडी येते.

माझ्या चार कड्या दुकानदाराने बसवल्याच नाहीत. ताशी ६५ मैलांवर स्टेअरिंग थरथरायचं. त्याने परत बॅलन्सिंग केलं आणि सांगितलं, लेव्हलिंग किटमुळे होतंय, आमचा संबंध नाही. घरी रिम्सचे रिकामे खोके कापून रिसायकलिंगला टाकायला घेतले, तर तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत चारही कड्या जशाच्या तशा. ती पिशवी काउंटरवर ठेवली तेव्हा कुठे मॅनेजर बाहेर आला. कड्या बसल्या, थरथर गेली. बॅलन्सिंगचे पैसे परत मागितले आणि घेतले. नटसुद्धा गनने ठोकून बसवत होते, तेव्हा टॉर्क रेंच (नट मोजून आवळायचा पाना) काढायला लावला: १५० फूट-पौंड, आणि शंभर मैलांच्या आत पुन्हा तपासणी. हे मी आता घरीच करतो.

आता टायरबद्दल. माझे लोड रेंज ई चे आहेत, म्हणजे जड ओझ्यासाठी बनवलेले. सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत होतो की ई घेऊच नका. रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर ट्रक दणका द्यायचा, मागे बसलेल्यांची कंबर धरायची. पण हवा मोजली तर ६५ पीएसआय! ‘ई आहे म्हणून’ भरली होती म्हणे. दारावरच्या स्टिकरवर ३५ आहे, पण तो आकडा मूळ साध्या टायरसाठी. एलटी टायरला तेवढंच वजन पेलायला जास्त हवा लागते. टायर कंपनीच्या तक्त्यावरून माझ्यासाठी ४५ च्या आसपास निघाली. तिथे आणल्यावर हा टायर मला आवडायला लागला, इतका फरक पडला. थंडीत दर १० अंश फॅरेनहाइटला साधारण एक पीएसआय उतरते, म्हणून इथे डिसेंबरात हवा बघत राहावीच लागते. तरीही सांगतो, ट्रेलर ओढत नसाल तर ई चं वजन फुकट वाहू नका. मूळ टायरपेक्षा प्रत्येक टायर पंधरा-एक पौंडांनी जड आहे आणि ब्रेक दाबताना ते जाणवतं.

बर्फात मात्र शंका उरली नाही. डेन्वरहून डोंगरात जाणाऱ्या आय-७० महामार्गावर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे ट्रॅक्शनचा (टायरच्या पकडीचा) नियम असतो, टायरच्या खाचा किमान ३/१६ इंच खोल लागतात. आयझेनहॉवर बोगद्याच्या चढाला, लोक बाजूला थांबलेले असताना, हा ट्रक शांतपणे वर गेला.

पेट्रोलचं गणित लोक चुकवतात. टायर ३.४ टक्के मोठा, म्हणजे मीटर तेवढं कमी अंतर दाखवतो आणि मायलेजही. गॅलनला १८ मैल दिसत होतं तेव्हा खरं १८.६ मिळत होतं. फोरस्कॅन या सॉफ्टवेअरने ट्रकच्या कॉम्प्युटरमध्ये टायरचा परीघ बदलून घेतला, आता वेग आणि अंतर दोन्ही बरोबर. मायलेज मूळ टायरपेक्षा कमी झालंच आहे, पण फोरमवर रडतात तितकं नाही.

अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या, नाहीतर टायरची आतली कड झिजते. हेडलाइट खाली घ्या, नाक वर गेल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

पायदान? अजून थोडं उडतं, २३ मिलिमीटर बाहेर आहेच. रुंद मडफ्लॅप लावले आणि दाराचा खालचा अर्धा भागच आता मळतो. राहिला स्पेअर. तो अजून जुन्याच मापाचा आहे, फोर-व्हील लावून एका चाकाचा घेर वेगळा ठेवणं ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीला, चांगलं नाही. पाचवा टायर थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये, त्याच मापाचा, साध्या स्टीलच्या रिमवर घेणार आहे.