डी. फार्म. एक्झिट परीक्षेसाठी विषयवार पाठ्यपुस्तक घ्यावे की एमसीक्यू गाइड?

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०२२ च्या विनियमांनुसार, डी. फार्म. म्हणजे फार्मसीची पदविका पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे फार्मासिस्ट म्हणून नोंदणी करण्यापूर्वी एक्झिट परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. परीक्षा इंग्रजीतून आणि बहुपर्यायी प्रश्नांची असते, पेपर तीन असतात, प्रत्येक पेपरात स्वतंत्रपणे किमान ५० टक्के गुण लागतात आणि तिन्ही पेपर एकाच प्रयत्नात सुटावे लागतात. कॉलेजच्या वार्षिक परीक्षेत ४० टक्क्यांवर विषय सुटतो, हे लक्षात घेतले म्हणजे ज्या पुस्तकावर वर्ष निभावले ते या परीक्षेला पुरेल का, ही शंका रास्त ठरते. सोलापूर शहरात आणि मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून रोज एसटीने येणाऱ्या मुलामुलींमध्ये ही शंका मी नेहमी ऐकतो, कारण त्यांतील काही जण प्रशिक्षणाचे ५०० तास पूर्ण करण्यासाठी माझ्या मेडिकलमध्ये येतात आणि दुपारी गिऱ्हाईक कमी झाले की पिशवीतून पुस्तक काढून बसतात.

त्यांच्या पिशवीत साधारणपणे दोन प्रकारची पुस्तके असतात. पहिला प्रकार म्हणजे ईआर-२०२० (एज्युकेशन रेग्युलेशन्स, २०२०) या अभ्यासक्रमानुसार लिहिलेली विषयवार पाठ्यपुस्तके. पहिल्या वर्षाचे पाच आणि दुसऱ्या वर्षाचे सहा, असे एकूण अकरा विषय असतात व प्रत्येक विषयाचे पुस्तक वेगळे असते. दुसरा प्रकार म्हणजे सगळे विषय एकाच जाड खंडात कोंबलेले एमसीक्यू म्हणजे बहुपर्यायी प्रश्नांचे गाइड, ज्याच्या मुखपृष्ठावर हजारो प्रश्नांचा आकडा ठळक छापलेला असतो. गाइड स्वस्त पडते, एकच पुस्तक घेऊन बसमध्ये वाचता येते आणि परीक्षा ज्या स्वरूपाची आहे त्याच स्वरूपाचा सराव होतो. हे तिन्ही फायदे खरे आहेत आणि ज्या घरात यंत्रमागाच्या किंवा विडीच्या मजुरीवर शिक्षण चालले आहे, तिथे किमतीचा विचार अगदी योग्य आहे. तरीही माझे मत स्पष्ट आहे. आधार पाठ्यपुस्तकाचाच असावा, गाइड त्यानंतर आणि सरावापुरतेच घ्यावे. याचे कारण काही नेमक्या प्रश्नांवरून दाखवतो.

तापमानाचा प्रश्न घेऊ. 'कूल प्लेस म्हणजे किती अंश सेल्सियस?' हा बहुपर्यायी परीक्षेत सहज येण्याजोगा प्रश्न आहे. इंडियन फार्माकोपिया या औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथानुसार 'कूल' म्हणजे ८ ते २५ अंश. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या शेड्यूल पी या परिशिष्टात मात्र 'कूल प्लेस'ची व्याख्या १० ते २५ अंश अशी आहे. 'कोल्ड'च्या बाबतीत दोन्हीकडे ८ अंशांची वरची मर्यादा समान आहे. चांगल्या पाठ्यपुस्तकात फार्मास्युटिक्सच्या (औषधे तयार करण्याच्या शास्त्राच्या) भागात फार्माकोपियाची व्याख्या आणि कायद्याच्या भागात शेड्यूल पी ची व्याख्या आपापल्या संदर्भासह येते, त्यामुळे प्रश्नात कोणता आधार विचारला आहे ते पाहून उत्तर देता येते. गाइडमध्ये बहुतेक वेळा नुसता प्रश्न, चार पर्याय आणि पानाच्या तळाशी उत्तराचे अक्षर असते. एका प्रकरणात एक उत्तर आणि शंभर पानांनंतर दुसरे उत्तर सापडले, तर दोन्हींपैकी एक छपाईची चूक असावी असे समजून विद्यार्थी एक खोडतो. प्रत्यक्षात दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

हा केवळ गुणांचा प्रश्न नाही. फार्माकोपिया ४० अंशांच्या वरच्या तापमानाला 'एक्सेसिव्ह हीट' म्हणते आणि सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, हे इथल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. भर दुपारी होलसेलरचा माणूस दुचाकीवरून इन्सुलिनचा खोका आणतो, तेव्हा आतील आइसपॅक अजून थंड आहे का, हे पाहणारा आणि खोका तसाच काउंटरवर न ठेवता फ्रिजकडे नेणारा फार्मासिस्ट पाहिजे. ज्याने इन्सुलिन साठवण्याचा २ ते ८ अंश हा आकडा कारणासह वाचला आहे, त्याच्या हातून हे आपोआप होते. इन्सुलिन गोठले तरी निकामी होते आणि म्हणून फ्रीझरच्या कप्प्याला चिकटवून ठेवायचे नसते, हे वाक्य पाठ्यपुस्तकातच भेटते, उत्तरतालिकेत भेटत नाही.

गणिताचे उदाहरण आणखी बोलके आहे. समजा प्रश्न असा आहे की, प्रौढ व्यक्तीचा डोस ५०० मिलिग्रॅम असेल तर चार वर्षांच्या मुलाचा डोस किती? यंगच्या सूत्राने वय भागिले वय अधिक बारा, म्हणजे ४ भागिले १६, म्हणजे एक चतुर्थांश, उत्तर १२५ मिलिग्रॅम. डिलिंगच्या सूत्राने वय भागिले वीस, म्हणजे एक पंचमांश, उत्तर १०० मिलिग्रॅम. पर्यायांत दोन्ही आकडे दिलेले असतील आणि गाइडने सूत्राचे नाव न सांगता एकावर खूण केली असेल, तर विद्यार्थी ते उत्तर पाठ करतो आणि परीक्षेत दुसरे सूत्र आले की फसतो. पाठ्यपुस्तकात दोन्ही सूत्रे शेजारी शेजारी असतात आणि सोडवलेली उदाहरणे पायरीपायरीने दिलेली असतात. अॅलिगेशनचे, म्हणजे कमी-जास्त तीव्रतेची द्रावणे मिसळण्याचे प्रमाण काढण्याच्या रीतीचेही तसेच आहे. ९० टक्के आणि ४० टक्के अल्कोहोल मिसळून ७० टक्क्यांचे ५०० मिलिलिटर करायचे असेल तर प्रमाण ३ : २, म्हणजे ३०० आणि २०० मिलिलिटर. हे उत्तर ज्याला चौकट आखून काढता येते, त्याला आकडे बदलले तरी काही फरक पडत नाही. म्हणून पुस्तक विकत घेण्यापूर्वी दुकानात उभे राहूनच गणिताचे प्रकरण उघडावे आणि निदान एका उदाहरणाची रीत पूर्ण दिली आहे का, ते पाहावे. नुसती उत्तरे असतील तर ते पुस्तक सरावाचे आहे, शिकण्याचे नाही.

आता कायद्याकडे येतो, कारण पुस्तकाच्या आवृत्तीचा प्रश्न इथे सर्वांत गंभीर आहे. एक्झिट परीक्षेच्या विनियमांत तिसरा पेपर फार्मास्युटिकल ज्युरिसप्रुडन्स आणि ड्रग स्टोअर मॅनेजमेंट या दोनच विषयांचा आहे. ही नावे जुन्या अभ्यासक्रमातील आहेत. ईआर-२०२० मध्ये त्यांची जागा फार्मसी लॉ अँड एथिक्स आणि कम्युनिटी फार्मसी अँड मॅनेजमेंट या विषयांनी घेतली आहे. नावे जुनी दिसतात म्हणून काही विद्यार्थी दहा-बारा वर्षांपूर्वीची ज्युरिसप्रुडन्सची पुस्तके जुन्या बाजारातून किंवा नातेवाइकांकडून आणतात, आणि तिथेच घात होतो. शेड्यूल एच-१, म्हणजे प्रिस्क्रिप्शनवरच आणि जादा नोंदीसह विकायच्या औषधांची यादी, १ मार्च २०१४ पासून लागू झाली. त्यातील औषधांच्या विक्रीसाठी वेगळे रजिस्टर ठेवून त्यात डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेली संख्या लिहावी लागते व ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. शेड्यूल एक्स या आणखी कडक यादीतील औषधांचे प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागते आणि त्यातील एक प्रत दुकानात दोन वर्षे ठेवायची असते. तीन आणि दोन यांची अदलाबदल ही परीक्षेतील नेहमीची चूक आहे आणि मेडिकलच्या तपासणीतही तीच चूक महागात पडते. पुढे शेड्यूल एच-२ आले आणि १ ऑगस्ट २०२३ पासून त्यातील ३०० ब्रँडच्या औषधांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड छापणे उत्पादकांना बंधनकारक झाले. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांची यादी २०२२ मध्ये बदलली आणि औषधांची संख्या ३७६ वरून ३८४ झाली. गर्भपातविषयक कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली.

म्हणून कायद्याच्या पुस्तकासाठी एक सोपी कसोटी सुचवतो. अनुक्रमणिका न पाहता थेट शेड्यूलांचे पान काढावे. एच-१ नसेल तर पुस्तक परत ठेवावे. एच-१ असून एच-२ नसेल तर ते पुस्तक मोफत मिळत असले तरच घ्यावे आणि नंतरचे बदल स्वतः समासात लिहावेत. सोशल फार्मसीच्या पुस्तकासाठी क्षयरोगाचा कार्यक्रम पाहावा. त्याचे नाव २०२० पासून राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम असे आहे, आणि पुस्तकात अजून 'रिवाइज्ड' हा शब्द असलेले जुने नाव असेल तर बाकीची आरोग्यविषयक माहितीही तितकीच शिळी असण्याचा संभव आहे. गाइडनाही हीच कसोटी लावावी. नवे मुखपृष्ठ चढवून आतले प्रश्न जुनेच ठेवणे गाइडमध्ये फार सोपे असते, कारण प्रश्नांखाली संदर्भ नसल्यामुळे ते लवकर कोणाच्या लक्षात येत नाही.

सगळ्याच विषयांत नवी आवृत्ती लागते असे मात्र नाही. शरीररचनाशास्त्र, फार्माकॉग्नोसी (नैसर्गिक औषधद्रव्यांचे शास्त्र), जैवरसायन या विषयांची सीनिअरकडून मिळालेली जुनी पुस्तके बिनधास्त वापरावीत. फार्माकॉलॉजीत नवी औषधे येतात, परंतु औषधांचे गट आणि कार्यपद्धती यांचा पाया बदलत नाही, त्यामुळे चार-पाच वर्षे जुने पुस्तक चालते. या हिशेबाने पाहिल्यास नवा खर्च मुख्यतः कायदा, सोशल फार्मसी आणि कम्युनिटी फार्मसी यांवरच करावा लागतो, आणि पाठ्यपुस्तके परवडत नाहीत हा आक्षेप बराच सौम्य होतो. दोघांनी मिळून पुस्तके वाटून घेतली, तर तो आणखी कमी होतो.

तिसरा एक प्रकार क्वचित दिसतो. ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत ते तिथल्या फार्मसी टेक्निशियनच्या प्रमाणपत्र परीक्षेची पुस्तके पाठवतात. छपाई सुंदर, आकृत्या स्वच्छ आणि सराव प्रश्नांच्या उत्तरांची स्पष्टीकरणे सविस्तर असतात, आणि हा शेवटचा गुण आपल्या गाइडांनी घ्यावा असा आहे. पण ते पुस्तक इथल्या परीक्षेला चालत नाही. अमेरिकी फार्माकोपियात 'कूल' म्हणजे ८ ते १५ अंश. तिथली शेड्यूल १ ते ५ ही नियंत्रित पदार्थांची वर्गवारी आहे आणि आपल्या एच, एच-१, एक्स यांच्याशी तिचा मेळ बसत नाही. ज्याला पुढे अमेरिकेत जाऊन तीच परीक्षा द्यायची आहे त्याने ते अवश्य वाचावे. इतरांनी त्यातील डोसांची आणि सौम्यीकरणाची गणिते तेवढी सोडवावीत.

भाषेचा मुद्दा सोलापुरात विशेष महत्त्वाचा आहे. इथे अनेक मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते, शाळा मराठी माध्यमाची असते आणि फार्मसीत आल्यावर सगळे एकदम इंग्रजीतून सुरू होते. या मुलांना गाइड जवळचे वाटते, कारण त्यातील वाक्ये आखूड असतात. पाठ्यपुस्तकांतील इंग्रजी काही लेखकांनी अनावश्यक अवघड केलेले असते, हेही मान्य केले पाहिजे. अशा वेळी पुस्तक निवडताना ज्या विषयाची सर्वांत भीती वाटते त्या विषयाचे एक पान दुकानात वाचून पाहावे आणि पहिल्या वाचनात निम्मे तरी कळते का, हे तपासावे. माझ्याकडे प्रशिक्षणाला आलेल्या एका मुलीचे फार्माकॉलॉजीचे पुस्तक मी चाळले होते. प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला पेन्सिलने मराठीत दोन-तीन शब्द होते, 'रक्तदाब उतरवते, कोरडा खोकला येतो' असे, आणि औषधगटाचे नाव मात्र तिने इंग्रजीतच अधोरेखित केले होते. परीक्षेत नाव इंग्रजीतूनच ओळखायचे असल्याने ही पद्धत मला फार उपयुक्त वाटते. गाइडच्या पानावर अशा नोंदी करायला जागाच नसते.

गाइड कधी घ्यावे, याचेही उत्तर द्यायला हवे, कारण ते घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. एकाच प्रयत्नात तीन पेपर सोडवायचे असल्याने वेळेच्या बंधनात प्रश्न सोडवण्याची सवय आवश्यकच आहे आणि ती पाठ्यपुस्तकाने लागत नाही. वार्षिक परीक्षा संपल्यानंतर, प्रशिक्षण सुरू असताना गाइड आणावे. निवडताना प्रश्नांच्या संख्येकडे पाहू नये. उत्तराखाली दोन ओळींचे स्पष्टीकरण आहे का, आणि प्रश्न परीक्षेच्या तीन पेपरांप्रमाणे विभागलेले आहेत का, हे पाहावे. पहिला पेपर फार्मास्युटिक्स, फार्माकॉलॉजी व फार्माकॉग्नोसीचा, दुसरा फार्मास्युटिकल केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री आणि हॉस्पिटल व क्लिनिकल फार्मसीचा आणि तिसरा वर सांगितलेला, अशी विभागणी असलेल्या गाइडवर आपला कोणता पेपर ५० टक्क्यांच्या खाली राहतो हे लगेच कळते.

सराव करताना चुकलेल्या प्रश्नाचे उत्तर गाइडमधून पाठ न करता त्या विषयाच्या पाठ्यपुस्तकात शोधावे आणि पानाचा क्रमांक गाइडमध्ये प्रश्नाशेजारी लिहावा. एखादे उत्तर पाठ्यपुस्तकाशी जुळत नसेल तर कॉलेजच्या ग्रंथालयातील इंडियन फार्माकोपिया किंवा कायद्याची मूळ प्रत उघडून खात्री करावी. ती पुस्तके सहसा घरी नेऊ देत नाहीत, म्हणून अशा प्रश्नांची वेगळी यादी करून आठवड्यातून एकदा ग्रंथालयात बसणे सोयीचे पडते.