नगरपरिषद क्लाउडवर गेली : लेखा शाखेच्या खुर्चीतून एक परीक्षण

मराठवाड्यातील आमच्या नगरपरिषदेने संकलित कर, पाणीपट्टी, आवक-जावक आणि बांधकाम परवानगीच्या नस्त्या कार्यालयातील सर्व्हरवरून भाड्याच्या क्लाउड सेवेवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या पुरवठादाराच्या सर्व्हरवर, नेल्या, त्यानंतर मार्चअखेरची वसुली त्याच सेवेवर पार पडली आहे. या काळात सेवेची देयके तपासून मंजुरीसाठी ठेवण्याचे काम लेखा शाखेत माझ्याकडे असल्यामुळे तंत्रज्ञाला जे दिसत नाही असे काही मला दिसले. माझे मत आधीच सांगतो. सेवा चांगली आहे आणि लहान शहरांनी ती घ्यावी. मात्र ती विकत घेण्याची आपल्या कार्यालयांची रीत जुनी आहे, आणि ज्या तक्रारी क्लाउडच्या नावावर खपतात त्यांतल्या बहुतेक या रीतीच्या आहेत. जन्म-मृत्यू नोंदणी केंद्र सरकारच्या पोर्टलवर चालत असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही. करार चालू असल्यामुळे शहराचे आणि पुरवठादाराचे नाव देत नाही.

आधीची व्यवस्था कशी होती हे सांगितल्याशिवाय नवीचे मोल कळणार नाही. जिन्याखालच्या खोलीत एक सर्व्हर, त्याला खेटून यूपीएसच्या बॅटऱ्या, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर धापा टाकणारे वातानुकूलन यंत्र. वीज गेली की बॅटरी संपण्याआधी यंत्र नीट बंद करण्याची धावपळ होई. दैनंदिन बॅकअप एका बाह्य हार्ड डिस्कवर घेतला जाई आणि ती डिस्क त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवली जाई, म्हणजे आग लागली किंवा पाणी शिरले तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदमच जाणार. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावेच्या गावे ज्या प्रदेशात जमीनदोस्त केली, तिथे हा धोका वेगळा समजावून सांगावा लागू नये. तरीही वर्षानुवर्षे कोणी त्यावर टिप्पणी लिहिली नव्हती.

अर्थात इमारत स्वतःची की भाड्याची, यावर काही ठरत नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्रात यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली आणि सुमारे सातशे शासकीय प्रणाली बंद पडल्या. त्यातली कर्मचाऱ्यांच्या फायलींची साठवण, सुमारे ८५८ टेराबाइट, कायमची गेली, कारण तिची दुसरीकडे प्रतच नव्हती. तंत्रज्ञानात आघाडीवर असलेल्या देशाच्या सरकारी केंद्रात हे घडले. तेव्हा क्लाउड घेतला म्हणजे प्रत आपोआप दुसऱ्या शहरात जाते, हा समज पहिल्या दिवशीच सोडून द्यावा. ती सोय वेगळी मागावी लागते आणि तिचे पैसे वेगळे पडतात. आमच्या निविदेत 'बॅकअप समाविष्ट' एवढेच लिहिले होते. तो कुठे, किती वेळाने आणि किती दिवस ठेवायचा, याचा त्यात उल्लेख नव्हता. पुढे पुरवणी पत्राने प्राथमिक साठा मुंबईत आणि दुसरी प्रत हैदराबादेत ठेवण्याचे ठरले. मराठवाड्याच्या दृष्टीने ही जोडी सोयीची आहे. मोठ्या जागतिक कंपन्यांची केंद्रे २०१५ ते २०१७ या काळात पुणे आणि मुंबईत आली, आणि ॲमेझॉनचे हैदराबाद केंद्र २०२२ मध्ये सुरू झाले, त्यामुळे दोन्ही प्रती देशातच आणि पुरेशा अंतरावर ठेवणे आता अवघड राहिलेले नाही.

सेवेचा खरा कस मार्चमध्ये लागतो. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागत असल्याने शेवटच्या आठवड्यात खिडक्यांवर रांगा असतात, त्यात शास्तीत सूट देणारी अभय योजना जाहीर झाली तर गर्दीला अंतच उरत नाही. पूर्वी दुपारी बाराच्या सुमारास सर्व्हर इतका मंदावे की पावती छापली जाण्याआधी नागरिक दोनदा घड्याळ पाहत. क्लाउडवर गेल्यापासून या आठवड्यापुरती प्रक्रियाशक्ती वाढवून घेता येते आणि १ एप्रिलनंतर ती पुन्हा कमी करता येते. वर्षातल्या काही दिवसांसाठी मोठा सर्व्हर विकत घेऊन उरलेले वर्ष तो रिकामा तापवत ठेवण्यापेक्षा हे निश्चितच शहाणपणाचे आहे. रात्री दहानंतर मोबाइलवरून कर भरणारे लोक आहेत, हेही आम्हाला याच काळात कळले. कार्यालय बंद झाले की सर्व्हरही बंद, अशी जुनी पद्धत असल्याने त्यांची सोय कधी झालीच नव्हती.

पण खिडकीवर बसलेल्या वसुली लिपिकाला विचारले तर तो वेगळे सांगतो. "साहेब, वर समदं चालू हाय म्हणत्यात, खाली पावती निघंना." रस्त्याच्या कामात केबल तुटली की मुंबईतला सर्व्हर ठणठणीत असूनही आमची खिडकी बंद पडते. करारातील सेवास्तर, म्हणजे सेवा किती वेळ चालू ठेवायची याची हमी, ९९.५ टक्के होता. ऐकायला तो भरभक्कम वाटतो, पण तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ तीन तास छत्तीस मिनिटे सेवा बंद राहिली तरी पुरवठादार दोषी नाही, असा होतो, ९९.९ टक्के असता तर ही मुभा त्रेचाळीस मिनिटांवर आली असती. शिवाय ही मोजणी पुरवठादाराच्या दारापर्यंतचीच असते, आपल्या खिडकीपर्यंतची नसते. यावर उपाय साधाच आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, शक्यतो दोन वेगळ्या मार्गांनी येणाऱ्या जोडण्या घ्याव्यात आणि छापील पावती पुस्तके मोडीत काढू नयेत. दुसरी जोडणी आल्यापासून आमच्याकडच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. तिचा खर्च सर्व्हरच्या वातानुकूलनाच्या वीजबिलातून भागला असेल असे मला वाटते, पण तो हिशेब कोणी मांडला नाही.

आता देयकाकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने या सेवेची गुणवत्ता तिथेच ठरते. सर्व्हर विकत घेणे हा भांडवली खर्च होता. त्याला अनुदान मिळे, जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ वस्तूंच्या वहीत) नोंद होई आणि विषय संपे. क्लाउड हा महसुली खर्च आहे. तो दर महिन्याला येतो, वापराप्रमाणे बदलतो आणि बहुतांशी स्वतःच्या उत्पन्नातूनच भागवावा लागतो. पहिल्याच लेखापरीक्षणात खरेदी केलेली वस्तू कुठे आहे आणि तिची नोंद का नाही, असा प्रश्न आला, तेव्हा वस्तू नसून सेवा आहे हे पटवण्यात बराच पत्रव्यवहार झाला. परीक्षकाचे चुकले असे मी म्हणणार नाही. अंदाजपत्रकात आम्ही त्यासाठी वेगळे लेखाशीर्षच केले नव्हते, रक्कम 'संगणक दुरुस्ती व देखभाल' या शीर्षाखाली टाकली होती.

देयकाचा तपशील कित्येक पानांचा असतो आणि तो वाचणारा माणूस कार्यालयात असायलाच हवा. एक उदाहरण देतो. बांधकाम परवानगीची प्रणाली सुरू करण्यापूर्वी चाचणीसाठी एक वेगळा सर्व्हर उभारला होता. चाचणी संपली, प्रणाली सुरू झाली, पण तो सर्व्हर रात्रंदिवस चालूच राहिला आणि त्याचे भाडे देयकात येत राहिले. त्यात पुरवठादाराची लबाडी नव्हती. बंद करा असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तसेच साठवणीतून माहिती बाहेर काढण्याचे शुल्क वेगळे असते, जुन्या प्रती न पुसता वाढत जातात, आणि मूळ दर डॉलरमध्ये असेल तर रुपयाच्या चढउताराचा भार कोणी सोसायचा हे करारात नसल्यास तो आपल्याच गळ्यात येतो. यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर. निविदा मात्र आपण रस्त्याच्या कामासारखी ठोक रकमेची काढतो. मग पुरवठादार जोखीम धरून रक्कम फुगवतो, किंवा रक्कम कमी ठेवून वापर आवळतो. दोन्हींत नुकसान नगरपरिषदेचेच होते. प्रत्यक्ष वापराप्रमाणे देयक, वर कमाल मर्यादा, आणि मर्यादेच्या ऐंशी टक्क्यांवर इशारा, ही पद्धत आम्ही उशिरा स्वीकारली, पण ती बरी चालते आहे.

मराठवाड्यापुरता एक मुद्दा यात भर घालतो. इथल्या नगरपरिषदांची वसुली पावसावर हेलकावे खाते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तशा वर्षी कर मागायला कोणत्या तोंडाने जायचे हा प्रश्न असतो, आणि टँकरच्या देयकांपुढे क्लाउडचे देयक मागे पडणे स्वाभाविक असते. भाड्याच्या सेवेचे पैसे थकले तर पुरवठादार सेवा रोखू शकतो. स्वतःचा सर्व्हर निदान तशी धमकी देत नव्हता. म्हणून थकबाकी असली तरी ठरावीक मुदतीपर्यंत सेवा रोखायची नाही आणि माहिती पुसायची तर नाहीच, हे कलम मी सर्वांत आधी पाहतो.

माहिती हलवण्याच्या कामाला जो वेळ लागला त्याचा अंदाज कोणालाच नव्हता. जुन्या प्रणालीतील नावे युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारखीच दिसणाऱ्या अक्षरसंकेतात, नव्हती. वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या फॉन्टमध्ये टंकलेली होती, आणि तो फॉन्ट संगणकावर नसला की पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसे. रूपांतर करणारी साधने आहेत, पण ऱ्ह, ऱ्य, रफार आणि जोडाक्षरे यांत ती अडखळतात. एकाच मालकाची नोंद तीन तऱ्हांनी झाली आणि नामांतरणाच्या अर्जांत त्याचे पडसाद उमटले. शेवटी वॉर्डनिहाय याद्या छापून वसुली लिपिकांकडून तपासून घ्याव्या लागल्या. हे काम कोणतीही क्लाउड कंपनी करून देत नाही आणि निविदेत त्याला 'डेटा मायग्रेशन' असे एका ओळीत उरकलेले असते. माझ्या मते एकूण खर्चाचा सर्वांत उपयोगी भाग याच मेहनतीवर झाला. सर्व्हर उद्या बदलला तरी शुद्ध झालेली यादी आपलीच राहते.

याला लागून जुन्या अभिलेखांचा विषय येतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी मराठवाड्यात निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद काढून तपासले गेले, तेव्हा स्कॅन करून ठेवण्याची निकड सर्वांनाच जाणवली. अशा चित्रफायली क्वचितच उघडल्या जातात. त्यांच्यासाठी क्लाउडमध्ये स्वस्त दीर्घकालीन साठवण मिळते, मात्र ती लगेच उघडत नाही. सर्वांत स्वस्त प्रकारात फाइल हाती यायला बारा तासही लागू शकतात. अभिलेखकक्षातील गठ्ठा शोधण्याच्या मानाने हा वेग काही वाईट म्हणता येणार नाही.

सुरक्षेबाबत थोडक्यात. इमारत, यंत्रे आणि मूळ जाळे पुरवठादार सांभाळतो. कोणाला कोणती मुभा द्यायची आणि पासवर्ड कोणाकडे हे आपण सांभाळायचे असते. आमच्या कर शाखेत बराच काळ सर्वांचा मिळून एकच पासवर्ड होता आणि तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता. अशा कार्यालयाला जगातला कोणताही क्लाउड वाचवू शकत नाही. अमेरिकेतील अटलांटा शहराच्या संगणकांवर मार्च २०१८ मध्ये खंडणीखोरांनी हल्ला केला, तेव्हा देयके भरण्यापासून न्यायालयीन कामापर्यंत अनेक सेवा ठप्प झाल्या होत्या. सुट्या यंत्रांवर विसंबणाऱ्या कार्यालयांनी ती घटना नीट वाचावी. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्राच्या संगणक सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना तिला सहा तासांत कळवायची असते आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. त्या जपण्याची जागाही देयकात येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ प्रमाणे नागरिकांच्या माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवर राहते, काम दुसऱ्याला दिले तरी.

धोरणाची अडचण आहे असे मात्र म्हणता येत नाही. केंद्राचा 'मेघराज' क्लाउड २०१४ पासून आहे, केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालय खाजगी पुरवठादारांची तपासणी करून त्यांची सूची ठेवते, आणि महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्येच सार्वजनिक क्लाउडचे धोरण जाहीर केले. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडसारख्या महानगरपालिकांना स्वतंत्र संगणक विभाग परवडतो, त्यांनी प्रणाली आपल्या ताब्यात ठेवून फक्त यंत्रे भाड्याने घ्यावीत. एकच संगणक अभियंता आणि त्याच्याकडेही निवडणुकीचे काम, अशी स्थिती असलेल्या नगरपरिषदांनी तयार प्रणालीच सेवा म्हणून घ्यावी. सगळे एकदम हलवण्याचा मोहही टाळावा. लॉस एंजेलिस शहराने २००९ मध्ये आपल्या सुमारे तीस हजार कर्मचाऱ्यांचा ईमेल गूगलकडे नेण्याचे ठरवले, पण गुन्हेविषयक माहितीच्या सुरक्षेचे नियम पूर्ण होईनात म्हणून पोलिसांना २०११ मध्ये त्यातून वगळावे लागले.

सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन, आणि ज्या कराराने ती घेतली त्याला दोन. कराराची मुदत संपत आल्याने नवा मसुदा सध्या टेबलावर आहे. त्यात बाहेर पडण्याचे कलम आम्ही सविस्तर लिहिले आहे : माहितीवर मालकी नगरपरिषदेची, ती कोणत्याही प्रणालीत उघडेल अशा खुल्या स्वरूपात आणि विनाशुल्क परत द्यायची, आणि हस्तांतर पूर्ण होईपर्यंत जुनी सेवा चालू ठेवायची. मसुदा मंजूर होईपर्यंत वाट न पाहता एक गोष्ट आम्ही आधीच सुरू केली आहे. दर तिमाहीला कर प्रणालीची पूर्ण प्रत मागवून ती कार्यालयातील साध्या संगणकावर उघडली जाते आणि तिच्यातील वसुलीची बेरीज रोकड वहीशी ताडून पाहिली जाते. तो ताळा जुळल्याची नोंद नस्तीवर आल्याशिवाय त्या तिमाहीचे शेवटचे देयक लेखा शाखेतून पुढे जात नाही.